काळ्या कुत्र्याची तब्येत

मी नेमकी काय नोकरी करते, हे आमच्या नातेवाइकांना आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. रक्त, लघवी, थुंकी, शौच, लोक डबीत घालून जे आणतील ते तपासते. लग्न ठरायच्या वेळी अकोल्याहून पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या काकांनी विचारलं, "मुलगी कोणत्या खात्यात आहे?" मामा छाती काढून म्हणाले, "तपासणीच्या." पाहुण्यांना वाटलं, पोरगी साहेब आहे, धाडी घालत असेल. लग्न झालं. नवऱ्याला आता सगळं माहीत आहे, पण जेवायला बसल्यावर "आज काय काय पाहिलं" असं तो कधीच विचारत नाही.

माय गावाकडे राहते. दर्यापूरहून शेअर जीपमध्ये कोंबून घ्यायचं, फाट्यावर उतरायचं आणि उरलेलं पायी. गावाच्या मधून एक नाली जाते. नालीच्या तिकडे गाव, इकडे आमचा बौद्धपुरा. आता तसं काही राहिलेलं नाही, असं तिकडचे लोक सांगतात. इकडच्यांना अजून तसं कळवलेलं नाही.

नाली कधीही, कितीही वेळा ओलांडायला ज्याला कुणी अडवलं नाही असा एकच जीव आमच्याकडे होता. मायच्या अंगणात राहणारा काळा कुत्रा. त्याला नाव नव्हतं. त्याच्या अंगावर पांढरा केस औषधालाही सापडला नसता, आणि या एका गुणावर त्याला तिकडे मोठा मान होता. तिकडे माझे शाळेतले गुरुजी राहतात. निवृत्त होऊन जमाना झाला. त्यांना साडेसाती लागली तेव्हा कुणीतरी सांगितलं, शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घाला. अख्ख्या गावात नखशिखांत काळा कुत्रा एकच, तोही आमच्या पुऱ्यात. मग दर शनिवारी गुरुजींची बायको नालीच्या काठावर उभी राहून "यू यू" करत आमच्या कुत्र्याला आवतण द्यायची. तो जायचा, पोळी खायचा, त्यांच्या घरामागच्या हिरवळीवर निवांत मोकळा व्हायचा आणि परत यायचा.

माय म्हणायची, "त्याइचा शनी आपल्या कुत्र्याच्या पोटात."

पण शनीची पोळी काही अंगी लागत नव्हती. बरगड्या मोजून घ्याव्यात असा तो होता. बूड जमिनीला घासत अंगणभर फिरायचा. मी पाहिलं की सांगायची, याला जंत आहेत. माय म्हणायची, असतील, कुत्रंच हाय ते.

दोन वर्षांपूर्वी एकदा बसस्टँडवर मला सोडायला आली असताना, गाडी लागल्यावर, मायने कानात सांगितलं की तिची पिशवी खाली आली आहे. गर्भाची. उठता-बसता बाहेर येते, ती फडकं बांधून निंदायला जाते. किती दिवस झाले, विचारलं तर म्हणाली, "दोन सालं." काहून नाही सांगितलं, विचारलं तर म्हणाली, "काम होतं." माझी मायच ती. दवाखान्यात रोज दुसऱ्यांच्या मायांना "अंगावर काढू नका हो मावशी" म्हणणारी मी, त्या गाडीत तोंडात पदर धरून घरी आले.

अमरावतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन करावंच लागेल, पण रक्त सहा आहे. सहावर मी हात लावणार नाही. दहावर आणा, मग टेबलावर घेते. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी कागद दाखवले. ते म्हणाले, शेतात अनवाणी जातात का? जातात, म्हटलं. पावसाळ्यात आमच्याकडच्या काळ्या मातीत चप्पल घालून चार पावलं टाका, एकेका पायाला किलोभर चिखल लागतो आणि पाचव्या पावलाला चप्पल तिथेच राहते. बाया चपला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, काढून ठेवतात. संडास आहे का? आहे, म्हटलं, सरकारने बांधून दिलेला, त्यात सोयाबीनचा भुसा, आमच्याकडचं कुटार, भरलेलं आहे. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, मग अंकुशकृमी असणार. हे जंत मातीतून तळपायाच्या कातडीतून आत शिरतात, आतड्याला दातांनी धरून बसतात आणि रक्त पितात. शौचाची डबी मागवा, तुम्हीच तपासा.

मी मायला डबी दिली. तिने ती परत माझ्या पर्समध्ये टाकली.

"तुह्यं लहानपनी म्या धुतलं. आता माह्यं तुनं काचेखाली पाहाव? हे होनार नाई."

"माय, मी रोज पन्नास लोकांचं पाहते."

"पाह्य नं. त्याइची तू पोरगी नाई."

यापुढे वाद नव्हता. डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या, न तपासताच देऊ. तीन दिवस रोज एक गोळी, चावून खायची, आणि सोबत रक्तवाढीच्या गोळ्या. मी गोळ्या नेऊन दिल्या. फोनवर विचारलं, घेतल्या का? म्हणाली, हाव. महिन्याने रक्त तपासलं. सहा. पुन्हा तीन गोळ्या. पुन्हा हाव. पुन्हा सहा.

आता जो तो वैद्य झाला. मावशी म्हणाली नजर आहे. शेजारीण म्हणाली बीट खाऊ घाल. नवरा म्हणाला, तुमच्या लॅबचं मशीनच बिघडलं असेल, ते मला जास्त लागलं. डॉक्टरांनी मला विचारलं, गोळ्या नक्की घेतल्या ना? मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "सर, माझी आई आहे ती. लॅब टेक्निशियनची आई." मग डॉक्टरांना वाटलं, आत कुठे रक्तस्राव असेल. अकोल्याला पाठवलं. तिथे मायच्या तोंडातून नळी घालून पोटात पाहिलं. ती नळी जाताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने माझा हात असा धरला होता की बांगडी वाकली. पोटात काही निघालं नाही.

या सगळ्या काळात गावात एकाच जिवाची तब्येत सुधारत होती. काळा कुत्रा. त्याच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या. अंगावर चकाकी आली. बूड घासणं बंद झालं. गुरुजींच्या बायकोने सगळ्या आळीला सांगितलं, शनी प्रसन्न झाला. मीसुद्धा एकदा त्याच्याकडे पाहून म्हटलं होतं, "याला काय खाऊ घालून राहिली गं?" आणि माय पाणी आणायला उठली होती. रोज मायक्रोस्कोपला डोळा लावणाऱ्या बाईला समोर उभा असलेला कुत्रा दिसू नये, ही माझी हुशारी.

तिसऱ्या वेळच्या गोळ्या दिल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी न सांगता गावी गेले. माय चुलीपुढे बसली होती. पुढ्यात पोळी, पोळीवर गुळाचा खडा, आणि गुळात ती अंगठ्याने पांढरी गोळी दाबत होती. समोर काळा कुत्रा अगदी शिस्तीत बसला होता, डोस ठाऊक असलेल्या जुन्या पेशंटसारखा.

"माय, हे काय करून राहिली?"

"त्याले गोयी देऊन राहिली." लपवण्यासारखं काही आहे, असं तिच्या तोंडावर नव्हतं. "त्याले जंत होते. पाह्य आता कसा झाला."

"आणि तुझ्या पोटातले?"

"मले जंत नाईत."

"डॉक्टर म्हणतात आहेत."

"आपल्या घरात जंत नाईत," माय म्हणाली. "तुले मालूम हाय काहून नाईत."

मला मालूम होतं. तीस वर्षं झाली असतील, पण होतं.

मी तिसरीत असताना शाळेत जंताच्या गोळ्या आल्या होत्या. आल्या त्या कमी. गुरुजींनी विचार केला. ज्यांच्या पोटात जंत असणार त्यांनाच द्याव्यात, बाकीच्यांवर कशाला वाया घालवायच्या? आणि कुणाच्या पोटात असणार, हे त्यांना न तपासता कळलं. मायक्रोस्कोपशिवाय निदान करणारा एवढा मोठा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. नालीच्या इकडची पोरं उठवून त्यांनी लाइनीत उभी केली. तिकडची बसून पाहत होती. गोळी तोंडात टाकली की गुरुजी म्हणायचे, "आ कर. जीभ वर." खरंच गिळली की नाही पाहायला ते फूटपट्टीने जीभ उचलायचे, आणि लाइन संपल्यावर ती फूटपट्टी त्यांनी हापशीवर घासून घासून धुतली. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत आमचं नाव झालं जंतवाले.

मी घरी येऊन रडले. माय निंदणावरून आली होती, खुरपं हातात तसंच घेऊन शाळेत गेली. सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "गुरुजी, आमच्याच लेकराइच्या पोटात जंत हायत, अन् तिकडच्या लेकराइच्या पोटात काय पेढे हायत काय?" गुरुजी म्हणाले, बाई, तुमच्या भल्याचंच आहे. माय मला हाताला धरून घरी घेऊन आली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात जंत नाहीत. अंगण दिवसातून दोनदा झाडलं जायचं. आम्हाला कडुनिंबाचा पाला वाटून प्यावा लागायचा. कुणाचं पोट दुखलं तर त्याला अपचन म्हणायचं. घरात जंत हा शब्दच काढायचा नाही.

सगळ्या कुळाची अब्रू मायने स्वतःच्या आतड्यात सांभाळून ठेवली होती. जंत मात्र तिथे आधीच राहायला आले होते आणि त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

मी त्या दिवशी खूप ओरडले. अकोल्याच्या नळीचं काढलं, डॉक्टरांपुढे आता माझी मान खाली जाणार ते काढलं, फडक्याचं काढलं. माय शांतपणे पोळीची गुंडाळी करून कुत्र्याला घालत राहिली. म्हणाली, "नयी गेली पोटात तं गेली. जंतवाली म्हनून तं नाई ना गेली?" मला तिचा इतका राग आला आणि तिच्यावर इतकी माया आली, की दोन्ही एकदम गिळता येईनात. परतीच्या जीपमध्ये मी ठरवलं, ही बाई माझ्या डोळ्यांदेखत मरेल, पण गोळी खाणार नाही.

पंधरा-वीस दिवसांनी दुपारी लॅबच्या खिडकीवर एक म्हातारा आला. डोक्यावर पांढरी टोपी, हातात साडीच्या दुकानाची पिशवी. पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात वर्तमानपत्र, वर्तमानपत्रात रुमाल आणि रुमालात डबी. एवढ्या बंदोबस्तात आमच्याकडे फक्त निवडणुकीची पेटी जाते. मी मान वर केली. गुरुजी.

"मॅडम," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. "डबीवर नाव लिहिणं आवश्यक आहे का?"

"लागतं."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "मग कुत्र्याची म्हणून लिहिता नाही येणार?"

माणूस इतका मोठा की कुत्रा व्हायला तयार, पण जंतवाला व्हायला नाही. मी म्हटलं, "कुत्र्याच्या आणि माणसाच्या या जंतांची अंडी काचेखाली सारखीच दिसतात गुरुजी. पण गोळी कुणाला द्यायची ते कळायला नाव लागतं."

"तुम्ही मला ओळखता?"

"तुमच्याच शाळेत होते."

"कोणत्या तुकडीत?"

"लाइनीत होते," मी म्हटलं. त्यांना कळलं नाही, किंवा कळलं.

त्यांना चक्कर यायची, दम लागायचा, रक्त कमी झालं होतं. मी विचारलं, अनवाणी चालता का? ते खूश झाले. म्हणाले, रोज सकाळी घरामागच्या हिरवळीवर दवात अर्धा तास. डोळ्यांसाठी. चष्म्याचा नंबर वाढला नाही. तळपायाला खाज येते का? येते, पण ती गवताची. मी मनात नकाशा काढला. शनिवारची पोळी, आमचा कुत्रा, त्यांची हिरवळ, गुरुजींचे तळपाय. साडेसाती मागच्या दारानेच आत येत होती आणि ते पुढच्या दारातून तिला पोळी घालत होते.

स्लाइड लावली. अंडी होती. पातळ कवचाची, काचेसारखी, आत चार-चार पेशी. दिसायला छान असतात, खोटं कशाला बोलू. आणि मला आनंद झाला. असा की मी खुर्ची मागे सारून एकटीच हसले. तीस वर्षांनी रिपोर्ट आला होता, आणि पेढे निघाले नव्हते.

मी फोन उचलला. मायला एवढं एक वाक्य सांगितलं की ती आज रात्रीच गोळी खाईल, हे मला पक्कं ठाऊक होतं. नंबर लावला. एक रिंग गेली आणि मी फोन ठेवला. पेशंटचं लॅबच्या बाहेर जात नाही, एवढा एकच नियम आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. बाकीचे मी मोडले आहेत, हा नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी रिपोर्ट न्यायला आले. मी त्यांना आत बसवलं आणि, हे मात्र लेक म्हणून, सगळं सांगितलं. मायचं रक्त, मायचं ऑपरेशन, गुळातली गोळी, आणि माय का खात नाही ते. म्हटलं, "तुमच्या गोळ्या मी रविवारी गावात आणून देते. आमच्या अंगणात येऊन घ्याल का? मायसमोर? नाही म्हणालात तरी तुमच्या गोळ्या तुम्हाला मिळतीलच, आणि मी कुणाला काही बोलणार नाही."

त्यांनी टोपी काढून हातात फिरवली. मग म्हणाले, "त्या वेळी गोळ्या कमी आल्या होत्या, मॅडम."

"या वेळी भरपूर आहेत," मी म्हटलं.

मला वाटलं नव्हतं, पण रविवारी ते आले. नाली ओलांडताना धोतर जरा जास्तच वर धरलं होतं, तेवढं मी माफ केलं. माय बाजेवर पडली होती. त्यांना पाहून उठून बसली, पदर घेतला. मी पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं, आणि भांड्याकडे बघत म्हणाले, "मला जंत निघालेत."

"काय म्हनता?" माय म्हणाली. "जरा मोठ्यानं बोला, मले कमी आयकू येते."

मायचे कान इतके तिखट आहेत की तिला शेजारच्या घरात साखरेचा डबा उघडलेला कळतो.

"जंत," गुरुजी मोठ्याने म्हणाले. "माझ्या पोटात. जंत आहेत."

शेजारीण दारात आली. कुत्रा उठून बसला. मी मायच्या तोंडावर जिंकल्याचं काही शोधत होते, पण तसं नव्हतं. ती त्यांच्याकडे पाहत होती, आजारी माणसाकडे पाहावं तशी. मग बाजेला धरून उभी राहिली.

"दे त्याइले गोयी," मला म्हणाली. "पहिले तुमी, गुरुजी. म्या तुमच्या मांगं."

गुरुजींनी गोळी चावली. माय त्यांच्या पुढ्यात गेली.

"आता आ करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. गुरुजींनी तोंड उघडलं.

"जीभ वरती."

त्यांनी जीभ वर केली. तिने वाकून नीट पाहिलं, डावीकडून, उजवीकडून, सावकाश. फूटपट्टी लावली नाही. "बरोबर हाय," म्हणाली. मग माझ्या हातातली गोळी घेतली, कराकरा चावली आणि कुणी न सांगता माझ्यापुढे येऊन तोंड उघडलं.

माझं हसू तिथेच थांबलं. तिची जीभ कागदासारखी पांढरी होती. हिरड्या, टाळू, सगळं पांढरं. मी जन्मभर लोकांच्या डब्या उघडल्या आणि मायला एकदाही तोंड उघड म्हटलं नव्हतं. हाव म्हणाली, की मी रजिस्टरसारखं मनात लिहून घ्यायची.

गुरुजी तिन्ही दिवस आले. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन गेले. कुत्र्याच्या गोळ्या मी गुरांच्या दवाखान्यातून वेगळ्या आणल्या आणि संडासातलं कुटार भावाकडून काढून घेतलं. गुरुजी आता चप्पल घालून दवात फिरतात, त्याने डोळ्यांना काय फायदा होतो ते त्यांनाच माहीत. शनिवारची पोळी चालू आहे.

रक्त सात झालं, मग साडेआठ. दिवाळी गेली, कापूस वेचून झाला आणि दहा झालं. अमरावतीला ऑपरेशनच्या सकाळी मायला हिरवा झगा घातला, बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या. स्ट्रेचरवर घेतल्यावर नर्सने विचारलं, "मावशी, तोंड उघडा बरं, कवळी बसवलेली नाही ना?"

मायने तोंड उघडलं. नर्स "ठीक आहे" म्हणून पुढे झाली, तरी मायने मिटलं नाही. जीभ वर करून ती माझ्याकडे पाहत राहिली, मी वाकून पाहीपर्यंत. लाल होती.